आईच्या खोलीपर्यंत नेट पोचत नव्हतं

घरातलं नेट हळू चालायला लागलं की मी आधी चोर शोधतो, बिघाड नंतर. कोणीतरी आपलं फुकट वापरत असणार याची मला इतकी खात्री असते, की राउटरकडे बघायच्या आधी मी शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे बघतो. हा स्वभाव मला भोवला असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. भोवला तो आईला.

आई अकोल्यात एकटी राहायची आणि मी नोकरीपायी अमरावतीला. आमच्या मळ्यातली भाजी तिने तीस वर्षं बाजारात बसून विकली. वडील गेले, मळा बटईने दिला, बाजार सुटला, पण अकोला सोडायला ती तयार नव्हती. "तिकडं मले कोन ओयखते?" एवढं एकच उत्तर. दिवाळीत तिला न्हाणीघराच्या दारात चक्कर आली आणि ती खाली बसली. त्यानंतर मी तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. घरात नेट घेतलं ते त्या कॅमेऱ्यासाठीच. मी अमरावतीत ऑफिसात बसून मोबाइलवर तिला पाहू शकत होतो, तिचं बोलणं ऐकू शकत होतो. माझा आवाज तिकडे जायचीही सोय होती, पण भिंतीतून मुलगा बोलला की ती दचकायची, म्हणून ती मी बंद केली.

चार दिवस तिने कॅमेऱ्याकडे पाठ केली. मग सवय झाली. मग तर ती त्याच्याशी बोलायलाच लागली. "पाह्यतं का रे? भाकर खाल्ली म्या. आता पडतो जराशी." मी मीटिंगमध्ये असलो तरी एका कानात हे ऐकायचो आणि बरं वाटायचं. तेव्हा मी चार जणांना सांगत फिरायचो, की लांब राहूनही आईवर माझं लक्ष आहे.

आमचं घर एकामागे एक तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत नेटची तार येते, म्हणून राउटर तिथे. मागची खोली आईची. ती नंतर वाढवलेली, त्यामुळे घराची जुनी बाहेरची खिडकी आता मधल्या आणि मागच्या खोलीच्या भिंतीत आहे. होळी झाली की आमच्याकडे घरोघर कूलर निघतात. मीही एका रविवारी जाऊन आमचा धूड पत्र्याचा कूलर काढला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, टाकी भरली आणि तो स्टँडसकट ढकलत नेऊन मधल्या खोलीतून त्या खिडकीला लावला. आईच्या पलंगावर थेट गार हवा. ती म्हणाली, "आता कसं, महाबळेश्वर झालं." महाबळेश्वर तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात चित्र अडकायला लागलं. आई उभी राहता राहता मध्येच थांबायची, अर्ध्या मिनिटाने एकदम दारात दिसायची. कधी नुसता आवाज यायचा, कधी तोही नाही. मी तक्रार नोंदवली. त्यांनी राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. मी फोनवरून आईला सांगितलं आणि ती बिचारी रोज सकाळी देवपूजा झाली की बटण बंद करून तीस आकडे मोजून पुन्हा चालू करायची. कंपनीचा माणूस आला, पुढच्या खोलीत उभा राहिला, मोबाइलवर स्पीड मोजला आणि म्हणाला, "लाइन एकदम ओके हाय, साहेब. तुमच्याच घरात कोनी जास्त वापरत असन."

झालं. मला हेच ऐकायचं होतं.

पलीकडच्या घरातली वहिनी रोज दुपारी जेवणं उरकली की मोबाइल घेऊन आईकडे यायची. आईने हौसेने तिला आमच्या नेटचा पासवर्ड देऊन टाकला होता. ती आईच्या पलंगाशी खाली बसून मालिका बघायची, आईला गोष्ट सांगायची, चार वाजता चहा करायची, दोघी प्यायच्या आणि मग ती घरी जायची. पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेलो आणि तिच्यासमोरच पासवर्ड बदलला. वर म्हटलं, "वहिनी, हे नेट फक्त आईच्या कॅमेऱ्यासाठी आहे. ओढाताण झाली की चित्र अडकतं."

तिने मोबाइल पदरात घेतला. "बरं भाऊ," म्हणाली. आई माझ्यावर चिडली. "थे काय नेट खाते का रे? बसते बिचारी माह्याजोळ." मी आईला नेट कसं वाटलं जातं ते समजावत बसलो. वहिनी त्यानंतर आली नाही. आणि चित्र अडकायचं ते अडकतच राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत दहा वेळा लिहिली असेल.

मे महिन्यातला तो दिवस मला तासातासाने आठवतो. तीन वाजता मी मोबाइल उघडला. आई पलंगावर बसून सुपात लसूण सोलत होती. बरं वाटलं, बंद केला. चारला पाहिलं. लसूण. साहेबांनी बोलावलं म्हणून उठलो. पाचला पुन्हा पाहिलं तर तेच सूप, तीच वाकलेली मान, आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार असा, की ही बाई एवढ्या लसणाचं करणार काय. तेव्हा कुठे माझी नजर कोपऱ्यातल्या वेळेवर गेली. तिथे एक चाळीस होते.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेव्हा मी वहिनीला फोन करायला हवा होता. घरं भिंतीला भिंत लावून आहेत, पंधरा पावलांचं काम. पण मला लाज वाटली. महिन्यापूर्वी जिला उठवलं तिलाच नाक मुठीत धरून काय सांगायचं? म्हणून मी नेटच्या कंपनीला फोन लावला. खरंच लावला. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं. वीस मिनिटांनी एका मुलीने मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी तिच्यावर ओरडलो. ओरडून झाल्यावर वहिनीला फोन केला.

"जातो भाऊ," एवढंच म्हणाली आणि फोन चालू ठेवूनच पळाली. मला तिच्या चपलांचा आवाज आला, दार ढकलल्याचा आला, मग "ओ माय, काकू!" आणि फोन कट झाला.

मी ऑफिसातून निघालो. ऑटोत बसून मोबाइल पाहत होतो, आई लसूण सोलतच होती. आणि एकदम ते चित्र हललं. पलंग रिकामा, लसूण जमिनीवर पांगलेला, गल्लीतली चार माणसं वाकलेली, आणि त्यांच्यामध्ये खुर्चीत बसवलेली आई, मान एका बाजूला. इतकं स्वच्छ चित्र मी त्या कॅमेऱ्यात महिनाभर पाहिलं नव्हतं. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी ती रिकामी खोली पाहत होतो. नंतर बॅटरी संपली.

मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, तीन-साडेतीन तास ती फरशीवर पडून असावी. बाहेर एवढं ऊन, अंगातलं पाणी आटलेलं, मूत्रपिंडावर ताण आलेला. या वयात आधी ते सावरू द्या, ऑपरेशनचं मग पाहू.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला घरी गेलो. कूलर मधल्या खोलीच्या कोपऱ्यात गेला होता. खुर्ची बाहेर काढायला वाट नव्हती, म्हणून लोकांनी तो खिडकीपासून ढकलून दिला होता. मी आईच्या खोलीत उभा राहून मोबाइल काढला. नेट पुरेपूर. कूलर पुन्हा खिडकीला लावला. नेट गेलं. बाजूला केला, आलं. मी हे किती वेळा केलं कोण जाणे, घामाने शर्ट भिजेपर्यंत केलं. पत्रा, भरलेली टाकी आणि ओल्या ताट्या मीच माझ्या हाताने राउटरच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये आणून ठेवल्या होत्या. वहिनीचा मोबाइल त्यात कुठेच नव्हता.

तिसऱ्या दिवशी आई जरा शुद्धीवर होती. वहिनी डबा घेऊन आली होती. तिनेच विचारलं, "काकू, बाजारात तुमची हाक पार टोकापर्यंत जाये. एक आवाज देल्ला असता तर म्या आली नसती का? भिंतीच्या पलीकडंच त होती."

आईने हळूच मान हलवली.

"तुले कायले तरास द्या? ह्यो पाहून रायला होता ना वरतून," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "म्हटलं, पाह्यलं असन पोरानं, निंगाला असन. अमरावतीहून यायले टाइम त लागतेच. लुगडं वर सरकलं होतं, थे तेवढं सारखं केलं, अन् पडून रायली." मग माझ्याकडे वळून विचारलं, "मी पडली तवाच निंगाला होता ना तू?"

माझा फोन किती वाजता आला होता ते वहिनीला माहीत होतं. ती डब्याचं झाकण हातात धरून खाली बघत राहिली.

"हो आई," मी म्हटलं. "लगेच निघालो."

"सांगतलं ना म्या तुले?" आई वहिनीला म्हणाली.

वहिनी म्हणाली, "हो काकू," आणि तिला भाताचा घास भरवला. सहाव्या दिवशी आई गेली.