शेठनी मला हाकललं नव्हतं

आमच्या रोह्याच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. उपासनेत कुणीतरी उभं राहायचं आणि प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. चाळीस वर्षं मी एकच साक्ष देत आलो. पेणला गणपतीच्या कारखान्यात मी आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याचं काम करायचो. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी ब्रश खाली ठेवला. म्हणून शेठनी मला हाकलून दिलं. आणि महिन्याच्या आत प्रभूने मला धाटावच्या एका कंपनीत नोकरी दिली.

यात बाप्तिस्मा खरा आहे आणि नोकरी खरी आहे. बाकीचं मी रचलं.

बाप्तिस्म्यानंतर दोन हंगाम मी डोळे आखतच होतो. पेणला आखायचो आणि रोह्याला येऊन सोडलं म्हणून सांगायचो. माझा हात चांगला होता आणि त्याचा मला गर्व होता. शेठना माझा बाप्तिस्मा ठाऊक होता. "मन नसंल तर नको आखूस, मातीत काम कर," असं ते आपणहून म्हणाले होते. मीच ऐकलं नाही. तिसऱ्या हंगामात हात थरथरायला लागला. एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा मी तीनदा बिघडवला. शेठनी तो पुसून स्वतः आखला, आणि मला पॉलिश पेपर देऊन घासकामाला बसवलं. नवशिक्यांच्या रांगेत बसणं मला झेपलं नाही. सण आठ दिवसांवर आला असताना, मूर्ती रांगेने बिनडोळ्यांच्या उभ्या असताना, मी कुणाला न सांगता निघून आलो. त्यानंतरही शेठनी धाटावच्या त्याच कंपनीत सुपरवायझर असलेल्या आपल्या मेव्हण्याला निरोप धाडला, की माणूस कामाचा आहे, घे. माझ्या साक्षीत हा मेव्हणा कधीच आला नाही.

उलट साक्ष वाढत गेली. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "पहिल्यांदा शेठनी तुम्हाला नुसतं काढलं होतं. मागल्या वर्षी ढकललं. यंदा मारतील बहुतेक." मी तिच्यावर चिडलो. चिडायचं कारण हे, की ढकलल्याचं वाक्य आलं तेव्हा मंडळीत दोन बाया रडल्या होत्या आणि मला ते आवडलं होतं.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा मी याच मंडळीच्या रविवारशाळेत वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतली. शास्त्र मला तोंडपाठ आहे. त्याचा उपयोग मी दुसऱ्यांची चूक दाखवायला फार केला.

मागच्या वर्षी आमच्या तरुण पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, माझी साक्ष मोबाइलवर घेतली. "काका, कारखान्याचं नावही सांगा, म्हणजे लोकांना पटतं." मी सांगितलं. तो व्हिडिओ पार पेणपर्यंत गेला. मग माझी झोप उडाली. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं शास्त्र सांगतं. मला आठवायला चाळीस वर्षं लागली, असंही नाही. आठवत रोज होतं.

शेवटी एसटीने पेणला गेलो. शेठ आता थकलेत. कारखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, आत नातवंडं साचे भरत होती.

"शेठ, ओळखलंत?"

"रोह्याचा ना तू? बस. त्या सणाला न सांगता गेलास. येतो म्हणाला असतास तर जेवायला थांबलो असतो," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी खाली बघून सगळं सांगितलं.

"म्हायत हाय," ते म्हणाले. "रोह्याची गिऱ्हाइकं येतात माझ्याकडं. वीस वर्षं झाली ऐकून. आता नातवानं मोबाइलवर दाखवलं. म्हणला, आजोबा, तुम्ही असे व्हता?"

"मग मला कधी विचारलं नाहीत?"

"काय विचारू? कामं कमी असतात व्हय?"

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला. "माझ्याकडं मागून काय उपेग? काय झालं ते मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग."

रोह्याला येऊन पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, "काका, मूळ गोष्ट तर खरीच ना? तुम्ही मूर्ती सोडल्या. आता हे काढलंत तर लोकांचा विश्वास डळमळेल. आपण दोघं प्रार्थना करू आणि हे प्रभूपाशी ठेवू." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केलीसुद्धा. मला तो हात झटकावासा वाटत होता. राग त्यांचा कमी, माझाच जास्त होता. असली माणसं मीच तयार केली. त्यांनाही लहानपणी रविवारशाळेत मीच शिकवलं होतं.

त्या रविवारी मी साक्षीला उभा राहिलो. "शेठनी मला हाकललं नव्हतं," एवढं म्हणालो, तोच पाळकांनी पेटीवाल्याला खूण केली आणि गीत सुरू झालं. पाच कडव्यांचं गीत. सगळे टाळ्या वाजवत होते. बायकोने माझा सदरा ओढला, मग सोडला. मी उभाच राहिलो. पाचवं कडवं संपलं, पाळकांनी मला बसायची खूण केली, आणि मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. बिघडलेला डोळा सांगितला, मेव्हणा सांगितला, सण आठ दिवसांवर होता तेही सांगितलं. शेवटी सवयीने दोन-तीन जण आमेन म्हणाले. बाकी कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येताना बायको म्हणाली, "साक्ष आज पहिल्यांदाच लहान झाली."

व्हिडिओ अजून आहे. काढा म्हणून पाळकांना तीनदा सांगितलं. पुष्कळ लोकांना त्याने आधार मिळतो, असं ते म्हणतात. तो काढणं माझ्या हातात नाही, लिहिणं आहे. म्हणून हे लिहिलं. पहिली प्रत पेणला, शेठच्या नातवाला देऊन येणार आहे.