पाठीला पाठ लावून

सॅम्युअलकाका गेल्याचं मला शनिवारी सकाळी कळलं. त्यांच्या शेजारच्या शेवंताबाई आमच्या फाटकापाशी येऊन आईला म्हणाल्या, "कंपाउंडरकाका गेले हो. पहाटे... खुर्चीत बसल्या बसल्याच." मग माझ्याकडे वळून त्यांनी पदराच्या गाठीतून एक किल्ली काढली. "काकूंनी तुला द्यायला सांगितली. वस्तूंच्या खोलीची." काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांच्यात शनिवारी दफन करत नाहीत. त्यामुळे रविवारी सकाळपर्यंत काका घरातच होते, आणि सगळा दिवस माझ्या हातात होता. मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून मला नको असलेलं काहीतरी विकत घेऊन परत आले. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. काकांच्या कामाबद्दल पनवेलमध्ये माझ्याहून चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. मला जे लिहायचं आहे ते त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतं, म्हणून ते लिहिणं आणखी अवघड जातं आहे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी आमच्या गावातल्या सेवा क्लबाने ही खोली सुरू केली. क्लब तसा उत्साही होता. शाळेत नेत्रशिबिर, मुलांना देवीच्या लसी, बंदराच्या रस्त्यावर झाडं, असं काही ना काही चालू असे. पण खोली ही काकांची कल्पना. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं औषधांच्या बाटल्या भरून ते निवृत्त झाले होते, आणि कोणाच्या घरी कोण अंथरुणावर आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. चाकांची एक खुर्ची, कुबड्यांचे चार जोड, चार बेडपॅन, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हवा भरायचं रबरी कडं, आणि ज्यांना आडवं झालं की धाप लागते अशांच्या पाठीमागे लावायचा एक लोखंडी टेकू. एवढंच सामान. ज्याला हवं त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं. प्रत्येक वस्तूला भिंतीवर एक खुंटी किंवा जमिनीवर खडूने आखलेली जागा होती.

मी मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथेच बी. ए. झाले आणि घरी परत आले. वडील क्लबाचे चिटणीस. इंग्रजीतला पत्रव्यवहार आणि बैठकांचं इतिवृत्त लिहायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा त्यांनी मला बसवलं. माणसांशी बोलणं मला अवघड जायचं, अजूनही जातं. वह्या बऱ्या वाटायच्या. काका मला नावाने हाक मारायचे नाहीत. "या कॉन्व्हेंट, बसा," म्हणायचे. आणि मी खाली मान घालून हसले की, "हसलीस बघ. आता जरा मोठ्याने हस, सिस्टर काही ऐकत नाहीत इथे."

त्यांच्या नोंदवहीत वस्तू नेल्याची तारीख असायची, परत कधी येणार त्याची नाही. मला ते फार विस्कळीत वाटायचं. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकात एक कार्ड असे, त्यावर मुदतीची तारीख, आणि मुदत उलटली की वर्गात नाव पुकारत. एका हिवाळ्यात मी धीर करून काकांना म्हटलं, "आपण निदान एक महिन्याची मुदत लिहूया का?" ते कुबडीच्या टोकाला रबर बसवत होते. म्हणाले, "वस्तू मागायची नसते. वस्तू आपली आपण येते." मी मान हलवली. याला कारण असेल असं माझ्या मनातही आलं नाही. म्हातारपणचा आळस, एवढंच वाटलं.

त्याच हिवाळ्यात क्लबाच्या वरच्या कार्यालयातून पाहुणे येणार असं पत्र आलं. भाषांतर मीच केलं. अध्यक्षांची भातगिरणी होती आणि गिरणीच्या आवाजावर मात करायची सवय त्यांच्या बोलण्यात होती. ते खोलीत उभे राहून गरजले, "सॅम्युअलशेठ, साहेब एवढ्या लांबून येणार आणि आपण त्यांना रिकाम्या खुंट्या दाखवणार?"

"रिकामी खुंटी म्हणजेच काम चालू आहे साहेब," काका म्हणाले. "भरली तर दुकान वाटेल."

सगळे हसले. पण अध्यक्ष हसले नाहीत, आणि जाताना मला म्हणाले, "तू बघ काहीतरी."

पुढच्या आठवड्यात काका मुंबईला गेले. त्यांची धाकटी मुलगी नवऱ्याबरोबर कायमची इस्रायलला निघाली होती, तिला निरोप द्यायला. दोन मुलगे आधीच गेलेले. ते नसतानाच्या त्या आठवड्यात मी नोंदवहीतून अकरा पत्ते काढले. अकरा घरी जाऊन बोलणं माझ्याने झालं नसतं. पोस्टकार्डाला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मी ती माझ्या गोल, पट्टीने शिरोरेघ मारल्यासारख्या अक्षरात लिहिली. "आपणाकडील क्लबाची वस्तू बराच काळ उलटूनही परत आलेली नाही. पत्र मिळताच ती जमा करावी." खाली सही करायची वेळ आली तेव्हा माझं नाव लिहायला मला संकोच वाटला. टेबलावर काकांच्या नावाचा रबरी शिक्का होता. मी तो उमटवला. अकरा वेळा.

चार दिवसांत खुंट्या भरल्या. उलव्याहून एक माणूस होडीने टेकू घेऊन आला, दारातच ठेवून परत होडीकडे गेला. त्याच्या लोखंडी सांध्यांत मीठ साचलं होतं. ती माणसं मिठागरावरची, घरात येणारा वारासुद्धा खारा. मी ओल्या फडक्याने पुसलं, सगळं निघालं नाही. पाहुणे आले, खोली बघून "मार्व्हलस" म्हणाले, फोटो निघाला. फोटोत टेकू मधोमध आहे आणि मी एका कडेला, पहिल्यांदाच दात दिसतील इतकं हसते आहे.

काका परत आले आणि दारातच थबकले. सगळ्या वस्तूंवरून त्यांची नजर फिरत टेकूवर येऊन थांबली. "हा कधी आला?"

"परवा," मी म्हटलं.

"अरेरे. उलव्याचा हिराजी गेला म्हणायचा." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. त्या क्षणी मला कळलं. टेकू दोनच वेळा परत येतो. माणूस बरा झाला तर, नाहीतर गेला तर. हिराजीबाबांचं दुखणं बरं होण्यातलं नव्हतं. आणि वस्तू परत मागणं म्हणजे दारात उभं राहून, गेला का तुमचा म्हातारा, असं विचारणं. काका कधीच का मागत नव्हते ते मला तेव्हा समजलं, आणि तेव्हाही मी बोलले नाही. कदाचित खरंच गेले असतील, असं मी मनात म्हणत राहिले. तशी आशा करत होते, हेही इथे लिहून ठेवते.

रविवारी काका दुखवट्याला म्हणून उलव्याला गेले. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर क्लबाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, एखाद्या रोग्याचा ताप सांगावा तसं. घरात शिरताना त्यांनी टोपी काढली होती, चेहरा तसा केला होता. समोर हिराजीबाबा जिवंत. जमिनीवर बसलेले, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून त्यांची सून जनाबाई बसलेली. ती तशीच बसून मांडीवर तांदूळ निवडत होती. टेकू गेल्यापासून घरातली माणसं पाळीपाळीने अशी बसत होती. हिराजीबाबांच्या मुलाने कोनाड्यातून पोस्टकार्ड काढून काकांच्या पुढे धरलं. काकांनी ते वाचलं. "टेकू उद्याच आणून देतो," म्हणाले. मुलगा म्हणाला, "नको. आमी हाय ना टेकाया. तुमच्या सायबाला दाखवाया लागंल." दुसऱ्या दिवशी काका टेकू घेऊन गेले, तर त्यांना होडीवरूनच परत पाठवलं. हिराजीबाबा त्यानंतर आठ दिवस जगले. त्या सगळ्या दिवसांत एकाही क्षणी त्यांची पाठ रिकामी नव्हती असं काका म्हणाले, आणि तेवढ्या एका वाक्याला त्यांचा आवाज हलला.

"पण पत्रं पाठवली कोणी?" एका सभासदाने विचारलं.

माझ्या हातात इतिवृत्ताची वही होती. वडील माझ्या शेजारी होते. अध्यक्ष छताकडे बघत होते. काकांनी टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "माझा शिक्का आहे," ते म्हणाले, आणि खाली बसले. मी लिहिलं, "श्री. सॅम्युअल यांनी झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली." ते वाक्य अजून त्या वहीत आहे. चांगल्या, गोल अक्षरात.

त्यानंतर उलव्याहून खोलीकडे कोणी फिरकलं नाही. बाजारात मीठ घेऊन येणाऱ्या बाया काकांना बघून पाटी दुसरीकडे वळवायच्या. ज्या माणसाला दर चार पावलांवर कोणीतरी नाडी दाखवायचं, तो बाजार टाळून मागच्या रस्त्याने जाऊ लागला. मी एकदा सांगायला गेले. काका ओसरीवर रबरी कडं धूत होते. "काका, ती पत्रं..." एवढं म्हटलं. त्यांनी कडं माझ्या हातात दिलं. "हवा भर. कुठे गळतंय बघू." मी हवा भरत राहिले. तोंडात रबरी नळी असली की बोलता येत नाही, याचं मला बरं वाटलं. त्यांनी मला वाचवलं असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, ते थांबले होते. हवा भरून झाल्यावर मी वाक्य पुरं करीन म्हणून. पोस्टकार्ड त्यांनी हातात धरून वाचलं होतं, आणि माझं अक्षर ते रोज बघत होते.

या पावसाळ्यानंतर काकांच्याच छातीचं दुखणं वाढलं. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. टेकू तेव्हा पळस्प्याच्या एका मास्तरांकडे होता. मी काकूंना म्हटलं, "मी जाऊन घेऊन येते." खरंच गेले असते, बोलले असते. आतून काकांचा आवाज आला, "कॉन्व्हेंट, मागायचं नाही." धाप लागली म्हणून थांबले. "मास्तर बरे होतायत. होऊ देत."

एका दुपारी मी गेले तेव्हा काकू त्यांच्या पाठीला पाठ लावून पलंगावर बसल्या होत्या. बासष्ट वर्षांची बाई, कंबर धरलेली. मी म्हटलं, "काकू, तुम्ही उठा. मी बसते." आयुष्यात मी कोणाच्या इतक्या जवळ बसले नव्हते. त्यांचा श्वास माझ्या पाठीतून जात होता. आधी खरखर, मग एक थांबा, मग पुन्हा. मला समोर भिंत दिसत होती आणि त्यांना खिडकी. डोळ्यांत बघायचं नव्हतं. माझ्यासारखीला बोलायला याहून सोपी जागा मिळणार नव्हती.

"हिराजीच्या सुनेने असं केलं," काका म्हणाले. "तांदूळ निवडत..."

मी वाट बघितली. तेही बघत असावेत.

"जड होतंय का गं?"

"नाही काका."

तासभरात मी तेवढे दोनच शब्द बोलले. पाचव्या दिवशी शेवंताबाई किल्ली घेऊन आल्या.

गेल्या आठवड्यात पळस्प्याचे मास्तर स्वतः चालत टेकू परत द्यायला आले. बरे झाले आहेत. सोबत घरच्या शेवग्याच्या शेंगा होत्या. "काकांना द्या," म्हणाले, त्यांना माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मी बंदरावरून होडीने उलव्याला गेले. जनाबाई अंगणात मासे सुकत घालत होती. मी नाव सांगितलं, क्लबाचं सांगितलं, तिने तोंड फिरवलं. मग मी म्हटलं, "ते पत्र काकांनी लिहिलं नव्हतं. ते मुंबईला होते. मी लिहिलं, आणि शिक्का त्यांचा मारला."

ती माझ्याकडे वळली. "तुमी?" मग, "मंग काका का नाय बोल्ले?"

मी सुकत घातलेल्या माशांकडे बघितलं.

"कुठं हायत ते?"

मी सांगितलं. ती ओट्यावर बसली. हातातला मासा तिने हळूच खाली ठेवला. मला वाटलं, आता ती मला बोलेल, आणि मला ते हवं होतं. पण ती माझ्याशी बोलतच नव्हती. "दोनदा आलंवते," ती म्हणाली. "उन्हातानाचं. दुसऱ्यांदा तर टेकू खांद्यावर मारून. आमी पानी पन इचारलं नाय."

सबंध वाटभर मी मनात मोजत होते ते फक्त माझं ओझं होतं. माझ्या गप्प राहण्याने हिच्या घरातही तसंच ओझं ठेवून दिलं होतं, आणि आता ते परत घ्यायला काका नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. निघताना तिने मला पाणी दिलं. तांब्या माझ्या हातात देताना तिचं लक्ष माझ्यापलीकडे, होडीच्या वाटेकडे होतं.

इतिवृत्तात जुन्या वाक्याखाली नवं वाक्य घालायची पद्धत नाही, असं वडील म्हणतात. म्हणून इथे लिहिते. पत्रं मी पाठवली होती.

टेकू आता त्याच्या खुंटीवर आहे. सांध्यात बोट घातलं तर मीठ अजून लागतं, मी ते काढलेलं नाही. सकाळी खोली उघडून मी टेबलापाशी बसते, आणि खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढून घेते. पाठ टेकत नाही. तशी बसले की कधी कधी पाठीला तो श्वास जाणवतो. खरखर, मग थांबा... मी त्या थांब्यात बोलायला तोंड उघडते.