पोलादपूर ते मोपा, टोल चुकवत

माझ्या माहेरची वाडी उमरठच्याही वर, डोंगराच्या सपाटीवर आहे. तिथे दादा, माझा थोरला भाऊ, म्हशी पाळतो आणि पावसाळ्यात नाचणी-वरी करतो. मी लग्न होऊन खाली पोलादपुरात आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि नवरा नोकरीला मुंबईत असतो. माझी शाळा आडगावात, एसटी वेळेवर मिळायची नाही, म्हणून चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले. तेव्हापासून सगळ्या गणगोताची ड्रायव्हर मीच. बाळंतीण महाडला न्यायची असली, कुणाची साखर तपासायची असली, कुणाला खेडला रेल्वेगाडीवर सोडायचं असलं की फोन मला येतो. नाही म्हणायचं कसं ते मला कधी जमलं नाही, आणि हळूहळू हो म्हणतानाही आवाजात काही उरलं नाही.

त्या मे महिन्यातही असाच फोन आला. दादाची मुलगी नर्सिंग शिकली होती, महाडला आणि मग मुंबईत नोकरी करत होती. तिला मस्कतच्या एका हॉस्पिटलात काम लागलं. त्यांनी तिकीट पाठवलं ते गोव्याहून, मोपाच्या विमानतळावरून. मुंबई आम्हाला जवळ पडली असती, पण तिकीट आपण काढलेलं नव्हतं, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

"आत्या, बाबा येतायत सोडायला," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण एक अट घातलीय. टोलवरून जायचं नाही."

त्या अटीमागचं कारण मला ठाऊक होतं. हायवे चौपदरी झाला तेव्हा खाली रस्त्याला लागून असलेलं आमचं भाताचं खाचर गेलं. भरपाई मिळाली, सह्या माझ्याही झाल्या. पण दादाने ते खाचर वडलांच्या हाताखाली लावलेलं होतं. रस्ता पुरा व्हायला किती वर्षं लागली ते इथे सगळ्यांनीच पाहिलंय. तेव्हापासून तो म्हणायचा, "जमीन मी दिली, धूळ मी खाल्ली, आता वर पैसे पन मीच देऊ? नाय देनार." एकदा एका नातेवाइकाच्या गाडीतून येताना नाका आला तर हा खाली उतरला आणि पायी पलीकडे गेला. गाडीला तरी टोल लागलाच, पण याचं समाधान झालं.

"तू हो म्हण ना," भाची म्हणाली. "नाहीतर ते येणार नाहीत. आईला म्हशींमुळे जमत नाही. मग मी एकटीच."

मी हो म्हटलं.

आदल्या संध्याकाळी दोघं खाली आले. भाचीची मोठी बॅग दादाने सुतळीने आवळून बांधली होती. विमानात लोक बॅगा आपटतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पहाटे निघालो. भाचीने फोनवर नकाशा लावला आणि त्यात टोल नको असंही करून ठेवलं. दादा पुढे माझ्या शेजारी बसला, धुतलेला पांढरा शर्ट-लेंगा, डोक्यावर टोपी, मांडीवर भाकरीची पिशवी.

कशेडीचा बोगदा आला तेव्हा त्याने विचारलं, "ह्याला पैसे लागतात काय गो?"

"नाही."

"मग चालंल."

चिपळूण, संगमेश्वर, लांजा करत आम्ही खाली उतरत गेलो. काही ठिकाणी रस्ता गुळगुळीत, काही ठिकाणी अजून डायव्हर्जनच्या पाट्या आणि खडी. ऊन चढत होतं. एसी लावला की दादाला गुदमरायचं, काच उघडी ठेवली की धूळ. भाची मागे कागदपत्रं पुन्हा पुन्हा चाळत होती. कुणीच फार बोलत नव्हतं. बाप-लेकीचं बोलणं एरवीही कमीच. ती काय शिकली, काय काम करते, हे दादाने कधी विचारलं नसावं. पहिल्यांदा महाडला ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र एका शब्दाने नाही म्हणाला नव्हता.

सिंधुदुर्गात शिरल्यावर नाका जवळ आला तसा नकाशा आम्हाला डावीकडे वळा म्हणू लागला. मी पंपावर पेट्रोल भरताना तिथल्या माणसालाही विचारून घेतलं. तो म्हणाला, "गावातून जावा, नाक्याच्या पलीकडे निघाल. पन रस्ता बारीक आहे."

बारीक म्हणजे फारच बारीक होता. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची कुंपणं, म्हणजे गडगे, काजूच्या बागा, मध्येच एखादं देऊळ. समोरून रिक्षा आली तरी मला मागे घ्यावं लागे. वळणावळणाने जाताना पाठ दुखायला लागली होती. मनात आलं, सरळ रस्ता तिकडे आहे आणि आपण इथे एका माणसाच्या मनासाठी गडग्यांना आरसे घासत चाललोय. पण तो राग नव्हता. रागाला जोर लागतो, तेवढा माझ्यात शिल्लक नव्हता.

एका उतारावर वाट बंद. चिरे भरलेला ट्रक रस्त्याखालच्या मोरीपाशी कलला होता, मागचं चाक कडेला रुतलेलं, आणि अर्धे चिरे रस्त्यावर सांडलेले. ड्रायव्हर आणि हमाल उरलेले चिरे उतरवत होते. मी गाडी थांबवली. ड्रायव्हर जवळ येऊन म्हणाला, "बाई, गाडी खाली केल्याशिवाय हलायची नाय. तासभर तरी धरा."

भाचीने घड्याळाकडे पाहिलं. दादा मात्र दार उघडून उतरलाही. टोपी सारखी केली आणि चिरे उचलायला लागला, जणू त्याच कामाला आला होता. मी हाक मारली, "दादा, कपडे बघ." त्याने ऐकलं नाही.

मग भाची एकदम म्हणाली, "आत्या, तो बघ."

गडग्याच्या सावलीत एक हमाल बसला होता. एका हाताने दुसरा हात धरलेला, त्यावर गमछा गुंडाळलेला, आणि गमछा लाल झालेला. चेहरा मातीसारखा. ट्रक कलला तेव्हा चिरा हातावर आला होता, असं नंतर कळलं. बाकीच्यांनी त्याला पाणी पाजून बसवलं होतं आणि ट्रकच्या मागे लागले होते.

भाची उतरली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि गमछा हळूच सोडला. दोन बोटं चेचली होती. मला बघवेना. ती मात्र वळून मला म्हणाली, "पाण्याची बाटली दे, न उघडलेली. आणि माझी मोठी बॅग खाली घे." मी बॅग काढली. दादाची सुतळी सुटेना. तिने ड्रायव्हरकडून विळा मागून घेतला आणि कापली. आतून नवा पांढरा सुती दुपट्टा काढला, माझ्या वहिनीने दिलेला, आणि फाडला.

तो माणूस कर्नाटकाकडचा, मराठी कमी समजायचं. ती त्याच्याशी हिंदीत बोलत होती, सावकाश, आवाज न चढवता. "हाथ ऊपर रखो भैया. मेरी तरफ देखो. उधर नहीं, मेरी तरफ." जखम धुतली, दुपट्टा घट्ट बांधला, त्याचा हात खांद्याच्या वर धरून ठेवायला लावला. तिच्या कुर्त्याच्या बाहीवर रक्ताचे डाग पडले. दादा हातात चिरा घेऊन उभा होता. तो खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. आपली मुलगी परक्या माणसाचा हात धरून त्याला काय करायचं ते सांगतेय आणि तो माणूस लहान मुलासारखं ऐकतोय, हे तो बघत राहिला.

"ह्याला टाके लागतील, बोटांचा फोटो काढायला लागेल," ती उठत म्हणाली. "पुढच्या गावात सरकारी हॉस्पिटल आहे ना?"

ड्रायव्हर म्हणाला, "आहे, पन ट्रक हलल्यावर नेतो ना आमी."

"तोवर बसवून ठेवाल? नाही. आत्या, आपण नेऊ या."

मी म्हटलं, "तुझं विमान?"

"मला माहितीय," ती म्हणाली.

पुढची वाट बंदच होती. म्हणजे मागे फिरून पुन्हा हायवेला लागायचं, आणि हायवेला लागलो की नाका समोर. मी दादाकडे पाहिलं. तो हात लेंग्याला पुसत आला, त्या माणसाला दंडाला धरून मागच्या सीटवर बसवलं, त्याच्या कडेला लेक बसली. मग पुढे बसून दार लावलं आणि म्हणाला, "सरळ घे गो."

"नाक्यावरून?"

"सरळ घे म्हनलं ना."

उलटी गाडी घेत घेत मी फाट्यापर्यंत आले. नाक्यावर रांग नव्हती. काचेवरच्या टोलच्या स्टिकरने आपलं काम केलं, दांडा वर गेला, आम्ही पलीकडे. दादाने मान वळवून मागे पाहिलं.

सरकारी रुग्णालयात डॉक्टर हजर होते, हे नशीब. भाचीने त्यांना काय झालं, किती वेळ झाला, काय बांधलं ते सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "आपण कुठे असता, सिस्टर?" ती म्हणाली, "आज रात्रीपासून मस्कतला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग जा, जा. आम्ही बघतो." त्या हमालाने चांगला हात कपाळाला लावला. आम्ही निघालो.

त्यानंतरचा रस्ता मला नीट आठवत नाही. भाकरीची पिशवी तशीच राहिली. डोळ्यांत घाम उतरत होता आणि पाय क्लचवर दुखत होता. पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली. तिथल्या पोलिसाने महाराष्ट्राची नंबरपाटी बघून गाडी बाजूला घ्यायला लावली. आत डोकावला तर भाचीची बाही दिसली.

"हे रक्त कसलं?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण दादाच बोलला. "माझी मुलगी नर्स हाय. वाटंत मानूस लागला होता, त्याला बांधलं तिने. आता विमान हाय तिचं."

इतकं सलग वाक्य परक्यापुढे बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. पोलिसाने तिकीट बघितलं आणि जा म्हणाला.

मोपाला पोहोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला आलं होतं. दारापुढे गाडी थांबवली न थांबवली तोच शिट्टी वाजायला लागली, गाडी पुढे घ्या. कापलेल्या सुतळीची बॅग दादाने ट्रॉलीवर चढवली. भाची माझ्या पाया पडली, मग त्याच्या. निघताना काहीतरी मोठं बोलायचं असतं, ते दोघांपैकी कुणालाच येत नव्हतं. दादाने तिची बाही धरली आणि म्हणाला, "हात नीट धुतलास ना?"

"धुतले, बाबा."

"आत गेल्यावर परत धू."

ती हो म्हणाली आणि ट्रॉली ढकलत गेली. दारावरच्या जवानाने पासपोर्ट बघितला, ती आत गेली. दादा काचेपाशी जायला निघाला, पण शिट्टी परत वाजली आणि मी त्याला हाक मारली. तो येऊन बसला. तिला विमान मिळालं की नाही हे कळेपर्यंत आम्ही बाहेरच्या रस्त्यावर एका झाडाखाली थांबलो. मी सीट मागे करून डोळे मिटले. दादा खाली उतरून भाकरी खात बसला. फोन आला, बसलेय म्हणाली, एवढंच.

मला पोलादपूरपर्यंत गाडी चालवणं शक्य नव्हतं. सावंतवाडीला माझ्याबरोबर डी.एड. केलेली मैत्रीण राहते, तिच्याकडे मुक्काम केला. सकाळी चहा पिताना दादा तिच्या पडवीत बसून म्हणाला, "मला वाटायचं, नर्स म्हंजे गोळ्या देते, कागद भरते. तिची आय पन तेच समजते."

"विचारलं का नाहीस कधी?"

"ती सांगंल असं वाटायचं." मग कप खाली ठेवून म्हणाला, "ती पन वाट बघत असंल, मी विचारीन म्हनून."

परतीचा सगळा रस्ता समोर होता, आणि मला त्याचाच कंटाळा आला होता.

आता भाचीला तिकडे बरेच महिने झाले. तिची सुट्टी आठवड्यात कधीही पडते. वाडीवर रेंज मिळत नाही, म्हणून तिचा निरोप आला की दादा म्हशींचं आवरून खाली माझ्या घरी येतो. मी शाळेतून दमून आलेली असते, वह्यांचा गठ्ठा समोर असतो, आणि हा कोचावर टोपी काढून बसलेला असतो. चहा करावा लागतो. फोन लागला की तो आधी तब्येत विचारतो, जेवली का विचारतो. मग गळा साफ करून विचारतो, "आज काय काम केलंस?"

ती सांगायला लागते. एका म्हाताऱ्या बाईची पाठ पुसली, एका ड्रायव्हरचे टाके काढले, एक जण रात्री गेला. तो फोन कानाला घट्ट लावून, जमिनीकडे बघत ऐकतो. मी स्वयंपाकघरात भात लावते. बऱ्याचदा तो जेवूनच जातो.