ज्याची वस्तू, त्याच्याच हाती पेचकस

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या जानूच्या वॉकरचं पुढचं चाक निखळलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण फाट्यावर सेलूच्या एसटीनं हॉर्न दिला, मी तिकडे पाहिलं, आणि इकडे चाक गडगडत कोंबड्यांच्या मागे!

ते चाक घेऊन मी हिंगणीच्या दुरुस्ती शेडात गेले, ती अजून जातेच आहे. शेड म्हणजे सोसायटीचं जुनं धान्याचं गोदाम. गावातले लोक तिथं बिघडलेल्या वस्तू आणतात, सगळे मिळून दुरुस्त करतात, आणि जे दुरुस्त होत नाही त्याचं काहीतरी दुसरंच बनवतात. आता कोणतीही वस्तू खोलून परत बसवली की एखादा स्क्रू हमखास उरतो. मशीन चालते, पण स्क्रू उरतो! शेडात त्यांचा डबा भरला आहे. किस्सेही तसेच. काम होऊन जाते, किस्सा उरतो.

माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

*

आधी जानूचं सांगते. माझी पोरगी चार वर्षांची. बोलण्यात कोणाले ऐकत नाही, पण पायांत जन्मापासून ताकद कमी. डॉक्टर म्हणाले, "आधारानं चालवत राहा. जितकी चालेल तितके पाय धरतील. कडेवर घेऊन फिरवाल तर राहून जाईल." मी मान हलवली आणि तिला कडेवर घेऊनच घरी आले. काय करू? पडली तर?

वर्ध्याहून वॉकर आणला. दवाखान्याच्या फरशीवर तो लोण्यासारखा चालायचा. आमच्या अंगणात मुरूम. चार दिवसांत चाक गेलं.

शेडात मंगलाकाकू शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्या कापडाचं सगळं पाहतात आणि तोंडानं बाकीचं सगळं. मी चाक पुढं केलं आणि म्हटलं, "हे बसवून द्या."

काकूंनी माझ्या हातात पेचकस ठेवला. "घे. इथं ज्याची वस्तू, त्याच्याच हाती पेचकस. आम्ही सांगतो, खोलायचं तूच."

मला घाम फुटला. "काकू, मले नाई येत. मी सातवी शिकली आहे फक्त!"

"मंग? पेचकस काय मार्कशीट मांगून राह्यला?"

खोललं मी. पहिला स्क्रू सुटला तेव्हा इतका आनंद झाला की दुसऱ्याच्या वेळी जीभ बाहेर काढून बसले होते, असं काकू अजून सगळ्यांना करून दाखवतात.

*

या नियमाची एक गंमत सांगते.

उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतले गजूभाऊ कूलर घेऊन आले. कूलर असा गरजायचा की त्यांच्या घरी पाहुणे जोरात बोलत आणि मग आपल्या घरी जाऊनही जोरातच बोलत! शेडाची सगळी व्यवस्था पाहणारी प्रणालीताई म्हणाली, पंख्याचं पातं वाकलं आहे. गजूभाऊंनी स्वतः पातं काढलं, ठोकलं, बसवलं. कूलर असा शांत झाला की चालू आहे की नाही, ते हात लावून पाहावं लागे. गजूभाऊ छाती काढून घरी गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. डोळे लाल.

"ताई, कूलरचा आवाज परत टाकून द्या."

"काऊन वहिनी?"

"त्याच्या आवाजात आमच्या ह्यायचं घोरणं ऐकू येत नव्हतं वं! लग्नाले पंधरा वर्षं झाले, मले आता मालूम पडलं. कूलर दुरुस्त करता, तर मंग ह्यायलेबी करून द्या."

मंगलाकाकूंनी मशीन थांबवली नाही की मान वर केली नाही. नुसता पेचकस पुढं केला.

"घे बाई. वस्तू तुही आहे."

*

चाक बसवलं, पुन्हा निघालं. पुन्हा बसवलं, पुन्हा निघालं. तेव्हा मडावीमामा म्हणाले, "बेटा, हा वॉकर फरशीचा आहे. आपल्या मातीसाठी आपला बनवू."

मडावीमामा लाकूड-बांबूचं आणि वेल्डिंगचं काम करतात. बोलणं कमी. त्यांनी लहान सायकलची चाकं आणली, जुन्या खाटेचा पाइप कापला, त्याला निळा रंग दिला. रंग जानूनं सांगितला होता. पाइप मी घासला, दोन दिवस. रोज पोरीला कडेवर घेऊन यायचे आणि ती विचारायची, "झाली का माही गाडी?"

नवीन बनवलेल्या वस्तूवर आधी वजन ठेवून पाहायचं, अशी शेडाची पद्धत आहे. जानूच्या वजनाएवढी तूर एका कट्ट्यात, म्हणजे लहान पोत्यात, भरली आणि कट्टा वॉकरला बांधला. मामांनी हलकासा धक्का दिला.

शेडासमोर उतार आहे हे आम्हाला सगळ्यांना रोज दिसते. त्या दिवशी एकालाही दिसलं नाही!

वॉकर निघाला. आम्ही मागं. तूर पुढं. रस्ता ओलांडून तो थेट गुपचुपवाल्याच्या, म्हणजे पाणीपुरीच्या गाडीवर जाऊन धडकला. तो बिचारा पुऱ्या सांभाळत म्हणाला, "आतापावेतो गिऱ्हाईकं पायी येत होते!"

सगळे पोट धरून हसत होते. मी मात्र तिथंच मटकन खाली बसले. डोळ्यांसमोर कट्टा नव्हता, माझी पोरगी होती.

"मी नाई बसवत माह्या जानूले यात. नाई म्हणजे नाई."

मंगलाकाकू माझ्याजवळ येऊन बसल्या. "अवं, म्हणूनच तर तूर बसवली होती. पोरगी थोडीच बसवली?"

"पण बसवली असती तर?"

"तर तिनं ब्रेक मांगितला असता. तूर मांगत नाई." मग मागं वळून ओरडल्या, "ओ मडावी! ब्रेक लावा लागते!"

*

ब्रेकचा किस्सा आमच्या ह्यांचा आहे. ते तो सांगू देत नाहीत. आज ट्रॅक्टर घेऊन बाहेर गेले आहेत, तर सांगून घेते.

ह्यांना शेडाचं काही पटत नव्हतं. "खाटेचा पाइप, सायकलचे चाकं! लोक काय म्हणतील? माही पोरगी भंगारात बसून चालन?" एक दिवस मी आणि जानू तिथं असताना ते तेच बोलायला शेडात आले. चांगलं बोलायचं म्हणून चांगले कपडे घातले, आणि सालीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, लग्नासाठी घेतलेल्या कोऱ्या चपला. दारात चपला काढल्या आणि आत जाऊन प्रणालीताईशी वाद घालायला लागले.

आता शेडाचा दुसरा नियम. टेबलावरची वस्तू दुरुस्तीची, आणि जमिनीवरची वस्तू मोडीची. मोडीतून ज्याला जे लागेल ते त्यानं घ्यायचं, विचारायचं नाही. म्हणूनच आमच्या इथं चपलांसाठी दाराशी एक फळी ठोकली आहे. गावातल्या लेकरांनाही ते माहीत आहे.

आमचे हे पहिल्यांदाच गेलते.

मडावीमामा रबराचा तुकडा शोधत बाहेर आले. जमिनीवर दोन चपला. जाड तळ, छान पकड. आत वाद रंगात आला होता तेव्हा बाहेर करवत चालू होती.

हे बाहेर आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "माह्या चपला कुठं गेल्या?"

मामांनी वॉकर उलटा करून दाखवला. दोन्ही चाकांवर एक-एक ब्रेक. त्यावर नक्षीसकट चपलेचा तळ!

हे लालबुंद झाले. मला वाटलं, आता गेला वॉकर, आता गेलं सगळं. मी जानूला छातीशी धरलं. पण तिला बापाचा राग कळतच नाही. तिनं हात पुढं केले. "बाबा, बसवा मले."

बापानं अनवाणी उभं राहून तिला वॉकरमध्ये उभं केलं. पट्टा बांधला. तिनं एक पाय टाकला. दुसरा ओढत आणला. चाकं उताराकडे फिरली. ह्यांनी दोन्ही हात पसरले. जानूनं ब्रेकची दांडी दाबली आणि वॉकर जागच्या जागी उभा!

"थांबली!" हे ओरडले. "थांबली रे!"

"थांबनच," मडावीमामा म्हणाले. "कोऱ्या होत्या."

हे मामांनी करून दिलेल्या टायरच्या चपला घालून घरी आले. सालीच्या लग्नातही त्याच घातल्या, आणि ज्यानं विचारलं त्याला अर्धा घंटा वॉकरचं सांगितलं.

*

आता माझीच एक गोष्ट, नाहीतर हे म्हणतील स्वतःची लपवली.

जानू अंगणात चालायला लागली. चालायला म्हणजे चार पावलं आणि बसकण. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. भिंतीले धडकली तर? तुळशीच्या ओट्याले लागलं तर? मी शेडात बसून जुन्या गादीच्या कापसाच्या उशा शिवल्या आणि वॉकरच्या चारही बाजूंनी टाके घालून बांधल्या. खाली एक, वर एक. वॉकर नवरदेवाच्या घोड्यासारखा फुगला.

मंगलाकाकू पाहायला आल्या. त्यांनी वॉकर घरातून अंगणात आणायचा प्रयत्न केला. दारातून निघेना! आडवा केला, तिरपा केला. नाहीच.

आत जानू, बाहेर काकू, मध्ये उशा.

काकू म्हणाल्या, "छान केलं वं वैशू. आता पोट्टी पडाची नाई. घराबाहेरच येणार नाई तर पडन कुठं?"

मी हसले. मग हसता हसता रडायलाच लागले. काकूंनी ब्लाउजला अडकवलेली सुई काढून माझ्या हातात दिली. मी टाके उसवले, एकेक करून. सगळ्या उशा पाहुण्यांना झाल्या.

*

आणि हा मागच्या महिन्यातला.

दुपारची वेळ. जानू अंगणात वॉकर घेऊन कोंबड्यांशी भांडत होती. मी मागच्या बाजूला कपडे वाळत टाकायला गेले. आले तर अंगणात कोंबड्या होत्या. जानू नव्हती. फाटक उघडं.

"जानू!"

घरात पाहिलं. खाटेखाली पाहिलं. विहिरीत वाकून पाहिलं. ओरडत रस्त्यावर आले. मंगलाकाकू गळ्यात टेप तशीच लटकत असताना धावत आल्या. मडावीमामा सायकलवर कालव्याकडे गेले. प्रणालीताईनं ग्रामपंचायतीत फोन केला आणि दोन मिनिटांत भोंग्यावर आवाज आला, "लाल फ्रॉक घातलेली चार वर्षांची मुलगी हरवली आहे हो! वैशूताईची जानू हरवली आहे!"

समोरच्या ओट्यावर म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "वैशूची? ते कशी हरवन वं? ते तर चालतच नाई!"

मी रडत होते, ती तशीच थांबले. मंगलाकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

तेवढ्यात बबलूभाऊंचा ऑटो आला. सेलू-हिंगणी सवारी चालवतात ते. टपावर वॉकर बांधलेला, आणि आतून असं रडणं की सवारीतल्या बायांनी कान झाकले होते.

"वहिनी, घ्या तुमची अमानत!" बबलूभाऊ उतरले. "अंगणवाडीच्या रस्त्यानं एकटीच जाऊन राह्यली होती. म्या म्हटलं, बिचारी कुठं पायानं हाल करते, घेतली उचलून. तवापासून मले मारून राह्यली!"

मी आत वाकले. पोरगी सगळी धुळीनं भरलेली, एक गुडघा खरचटलेला, त्यावर थोडं रक्त. मी हात पुढं केले, तर तिनं ते झटकून टाकले.

"मी अंगणवाडीत चालत जात होती नं! मी तं पोहोचतच होती!"

"कुठवर गेलती भाऊ?" मी विचारलं.

"मारुतीच्या देवळाच्या पुढं. आता एक वळण राह्यलं होतं."

आमच्या घरून देऊळ दिसतसुद्धा नाही.

सगळी गल्ली जमली होती. सगळ्यांना वाटलं मी आता पोरीला कडेवर घेते. मलाही तसंच वाटलं होतं. मी पदरानं तिचं नाक पुसलं आणि बबलूभाऊंना म्हटलं,

"भाऊ, जिथून उचलली, तिथंच नेऊन सोडा."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे नं?"

"आहे. देवळाच्या पुढं. तोंड अंगणवाडीकडे करून उभी करजा."

ऑटो वळला. रडणं थांबलं. मी फाटकाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले, आणि मंगलाकाकूंनी मला धरलं.

तर आता एवढंच मागणं आहे. हिंगणीत अंगणवाडीच्या रस्त्यानं निळा वॉकर ढकलत एखादी पोट्टी जाताना दिसली, तर गाडी हळू करा. हॉर्न नका वाजवू, ती दचकते. बाजूनं निघून जा. पडली तर थोडं थांबून पाहा, ती उठते. उचलून मात्र घेऊ नका, आणि तुमच्या मागून जो येत असेल, त्यालेबी सांगजा.