वरची फळी, खालची फळी

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमणी म्हणत. उंची बेताची, आणि एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. बेचाळिसाव्या वर्षी तिने पीएचडीला हात घातला. पाच वर्षं रगडल्यावर प्रबंध द्यायला आता महिना उरला होता. निष्कर्षही झकास होता: तिच्या औषधाने त्वचेच्या पेशी दीडपट वाढत होत्या.

मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, प्रयोगांच्या आखणीवरच्या कार्यशाळेत ती जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी शिकवणारे सर म्हणाले, "कुठली प्लेट कुठे ठेवायची, हे हातावर सोडू नका. हात लबाड असतो. चिठ्ठ्या टाका." सगळे हसले. चिमणीला मात्र आपलं इन्क्युबेटर, पेशी वाढवायचं उबदार कपाट, आठवलं. त्याच्या वरच्या फळीला तिचा हात जेमतेम पुरायचा. औषध घातलेल्या पेशींच्या लाडक्या प्लेट सांडायला नकोत, म्हणून त्या पाच वर्षं खालच्या फळीवर आणि बिनऔषधाच्या वर. आणि खालच्या फळीच्या बुडाशीच पाण्याचा ट्रे. तिथे प्लेटमधलं पाणी कमी सुकायचं. मग दीडपट वाढ कुणाची, औषधाची की ओलाव्याची?

त्या दिवशी तिला घास गेला नाही. नवरा शिंपी. त्याने शिलाईच्या कागदाच्या चोवीस चिठ्ठ्या कापल्या. तिने त्यांवर प्लेटचे नंबर लिहून औषधाच्या आणि बिनऔषधाच्या असे दोन ढीग केले, आणि त्याने एकेक उचलून दिली. औषधाच्या निम्म्या प्लेट वर, निम्म्या खाली, बिनऔषधाच्याही तशाच.

"आमचं बरं असतं," तो म्हणाला. "बाही उलटी लागली तर गिऱ्हाईक दारातच ओरडतं."

"माझं गिऱ्हाईक पाच वर्षं गप्प बसलं," ती म्हणाली, आणि तिला हसू येता येता रडू आलं.

पेशी वाढायला पाच दिवस लागत. त्या पाच दिवसांत तिने नको तितक्या बाटल्या घासल्या, स्वच्छ कपाटं पुन्हा पुसली, धड कुणाशी बोलली नाही. मोजणी एका सहकाऱ्याकडे दिली. त्याला प्लेटवरचे नुसते नंबर दिसत होते. त्याचे आकडे आले तसे तिने चिठ्ठ्यांच्या यादीशी ताडून पाहिले. औषध असो नसो, खालच्या पेशी तरारलेल्या आणि वरच्या मरगळलेल्या. औषधाने काडीचाही फरक पडला नव्हता.

कागद घेऊन ती तडक गाईड मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"एखाद्या वेळी होतं असं," त्या म्हणाल्या. "पुन्हा करून बघ. हवं ते येईलही."

चिमणी खुर्ची ओढून बसली.

"करते, मॅडम. पण किती वेळा करायचं आणि कुठे थांबायचं, ते आज लिहून ठेवू. आणि येईल ते छापायचं, हेही लिहू."

मॅडमनी पेन तिच्याकडे सरकवलं.

"प्रबंध यंदा जाणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय," ती म्हणाली आणि लिहायला लागली.