चढावर वाहणारा पाट

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणारी माणसं वेगळी असतात, असंच आम्ही धरून चालत आलो. कुठे उणंअधिक झालं तर सांभाळून घ्या.

तर, जर्मनीतल्या हार्त्स पर्वताच्या माथ्यावर मी नडगीभर चिखलात उभा होतो आणि आमच्या मोजणीप्रमाणे पाणी चढावर वाहत होतं.

हार्त्समध्ये पूर्वी चांदीच्या खाणी होत्या. खाणीत साचणारं पाणी उपसायला मोठी लाकडी चाकं होती आणि ती फिरवायलाही पाणीच लागे. ते माथ्यावरच्या दलदलीतून, म्हणजे मूरमधून, आणत. त्यासाठी डोंगराच्या कडेकडेने खणलेला चर म्हणजे ग्राबेन. आपल्याकडचा कालव्याचा पाट डोळ्यांसमोर आणा. उतार इतका कमी, की नुसतं बघून पाणी कुठल्या बाजूला जाईल ते सांगता येत नाही.

आता ही दलदल पुन्हा ओली करायची आहे, म्हणून तिच्यातले चर बुजवतात. सगळे नाही. खाणींसाठी खणलेला असेल तर तो वारसा, त्याला हात लावायचा नाही. नंतर जळणासाठी दलदलीची माती (ती वाळली की जळते) काढताना लोकांनी खणलेला असेल, तर बुजवायचा. आमचा पाट कुठल्याच जुन्या नकाशात नव्हता. तो खाणीचा आहे हे दाखवणं, हीच माझी मास्टरआर्बाइट, म्हणजे पदवीचा प्रबंध. आणि पोकलेन पुढच्या आठवड्यात येणार होतं.

मी ज्या छोट्या सर्वे ऑफिसात शिकता शिकता काम करतो, तिथे सोनवणे दादा सीनियर इंजिनियर आहेत. मूळचे नाशिकचे. ते उभी पट्टी धरत, मी लेव्हलच्या दुर्बिणीतून आकडा वाचत असे. सुरुवातीला तळ हळूहळू उतरत गेला. मध्ये तो हातभर खाली गेला आणि पुढे पुन्हा वर आला.

"दादा, चुकतंय काहीतरी."

"स्टँड खचतोय. या मातीवर तू नुसता पाय बदललास तरी आकडा हलेल. फळ्या आण."

फळ्या टाकून सगळं पहिल्यापासून मोजलं. पाऊस नव्हता, पण कपडे ओलेच. उत्तर तेच.

ऑफिसात बॉस फ्राऊ ब्रांट यांनी आलेख पाहिला. "हेर वानखडे, पाणी चढत नाही. आल्झो, म्हणजे हा खाणीचा ग्राबेन नाही. बरोबर?"

मला काहीतरी खटकत होतं, पण नीट मांडता येत नव्हतं. मॅडम बोलत असताना मध्ये तोंड कसं घालायचं? मी गप्प राहिलो. संध्याकाळी बैठकीचा वृत्तांत मेलवर आला : सर्वांची सहमती, पाट बुजवण्यास हरकत नाही.

"दादा, मी कधी सहमती दिली?"

"गप्प बसलास ना? मग दिलीस. हे काय आपलं घर आहे, नको नको म्हटल्यावर तीनदा वाढायला?" मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "काय खटकतंय ते मला तरी सांग."

मी अडखळत सांगितलं. पाटाच्या वाटेत मधेच एक खडकाळ उंचवटा लागतो. तिथे पाट खडकातच कोरलाय. त्या जागेचा आकडा मात्र सुरुवातीच्या उताराशी अगदी जुळत होता. बिघडले होते ते दलदलीतले आकडे. पाटानेच दलदल सुकवली असेल आणि सुकलेली माती खचली असेल, तर? मग पाट उलटा नाही. त्याच्याखालची जमीन बसली आहे.

दादांनी कपाळावर हात मारला. "अरे राजा, एवढं पोटात ठेवून बसला होतास? चल, सळई घे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चिखल, तेच भिजलेले मोजे. मऊ माती किती खोल आहे ते बघायला पाटाच्या तळात लोखंडी सळई दाबत गेलो. जिथे ती सगळ्यात खोल गेली, तिथेच तळ सगळ्यात जास्त बसला होता. जिथे खडकावर लगेच अडली, तिथले सगळे आकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका रेषेत, सलग उतरते. जळणासाठी माती काढणारे लोक खडक कशाला कोरतील? इतका काटेकोर उतार खाणवाल्यांनाच लागे.

फ्राऊ ब्रांट यांच्यासमोर मी आकडे ठेवले. त्यांनी खडकावरच्या आकड्यांवरून एकेक करत पेन्सिल फिरवली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. हे परवा का बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलत होतात."

"हो, मी बोलतच असते. पुढच्या वेळी मध्ये बोला."

त्यांनी सरकारी कार्यालयाला फोन केला. पोकलेन थांबलं. निर्णय मात्र तिथे वरच्या लोकांचा. आठवड्यांमागून आठवडे गेले. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कोरं होतं आणि मला झोपण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. एवढं मात्र कळलं, की इथे आदर म्हणून पाळलेलं मौन होकारात जमा होतं.

शेवटी लायब्ररीत असताना दादांचा फोन आला.

"वानखडे, पाट खाणीचाच. मान्य झालं. बुजवणार नाहीत."

मी कोऱ्या प्रकरणाचं पान उघडलं.

"पण वाहूही देणार नाहीत. दलदल सुकते ना. ठिकठिकाणी लाकडी बांध घालून पाणी आतच अडवणार. बांधांच्या जागा मोजायचं काम आपल्याला दिलंय. सोमवारी निघायचं. गमबूट आण."