भिंतीला टेकलेला पाळणा

झुलयखा आपा बाळंतिणीच्या घरात शिरली की पहिला हात पाळण्याला घालते. पाळणा भिंतीपासून ओढायचा, पट्ट्या सोडायच्या, बाळ आईच्या मांडीवर द्यायचं. फरगान्याच्या खोऱ्यातल्या या गावात तिचं नावच पडलंय, 'सोडणारी'. जन्मभर दवाखान्यात नर्स होती. आता निवृत्त झाली, पण स्वस्थ बसेल तर ना!

इथे तान्ह्याला पाळण्यात आवळून बांधतात आणि आई वरून ओणवी होऊन पाजते. पोर सोडायला नको, त्याची झोप मोडायला नको. पाळणा भिंतीला, म्हणून बसायची बाजू एकच आणि बाळाच्या तोंडाशी येणारा स्तनही एकच. दुसरा भरून दगड होतो, हे झुलयखाने दवाखान्यात शेकडो जणींना सांगितलं. तिच्या स्वतःच्या घरी मात्र पाळणा तिच्या सासूने दाखवलेल्या जागीच राहिला.

तिची सून होसियत गुणी पोर, तशीच पाजत राहिली. उजवीकडे गाठ आली, लाल झाली, हुडहुडी भरली. सासू नर्स, तिला आपण काय सांगायचं, म्हणून पोरगी तोंड मिटून बसली. कळलं तेव्हा झुलयखाच्या तोंडून आपल्या सासूचेच शब्द बाहेर पडले, "त्या बाजूचं दूध नासलंय, पाजू नकोस." तिसऱ्या दिवशी शहरात नेलं, पण तोवर विष रक्तात गेलं होतं. होसियत गेली तेव्हा बाळंतपणाचे चाळीस दिवस पुरे व्हायला चार राहिले होते. नातू वाचला.

काल सकाळी झुलयखा रिसोलतच्या घरी गेली. रिसोलतची सून सानोबर वीस दिवसांची बाळंतीण, डावा स्तन कडक, अंगात कणकण.

"आपा, आत्ताच निजलंय. हात नका लावू," रिसोलत म्हणाली.

"मांडीवर निजू दे की."

"मोकळं सोडलं तर हातपाय वाकडे होतील. आमची सगळी बांधूनच वाढली."

"वाढली गं, पण तुझा थोरला अजून चहाखान्यातून सरळ घरी येत नाही!"

सानोबर हसली, आणि कळ आली तसा तिने ओठ चावला. झुलयखाने पट्ट्या सोडून बाळ दुखऱ्या बाजूला लावलं.

"दुखेल, पण सोडू नकोस. हीच बाजू आधी, मग दुसरी. दर वेळी बाळाला वेगळ्या तऱ्हेने धर. पाजून झालं की थंड फडकं ठेव. उद्यापर्यंत उतार पडला नाही, किंवा ताप चढला, तर मला शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा."

रिसोलतला ते झोंबलं. "एवढं येतं, तर तुमची सून कशी गेली?"

झुलयखाने सोडलेल्या पट्टीची गुंडाळी खाली ठेवली.

"मी पाळणा सरकवला नाही, म्हणून."

रिसोलत उठली आणि तिने पाळण्याचं एक टोक धरलं. दोघींनी तो भिंतीपासून हातभर ओढला. एवढंच करायचं होतं, आणि झुलयखाने होसियतसाठी तेवढंही केलं नव्हतं.